मी सोसलं, म्हणून तूही सोस?

सत्र संपत आलं की प्रत्येक कॉलेजात हजेरीचा विषय निघतो. मग कुणाच्या आजोबांना बरं नसतं, कुणाच्या बहिणीचं लग्न असतं, कुणाची एसटी नेमकी प्रॅक्टिकलच्याच दिवशी बंद पडलेली असते. यवतमाळ शहराच्या टोकाला असलेल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या विभागप्रमुख डॉ. कौसल्या ढोले यांना ही सगळी कारणं पाठ झाली होती. "ढोले मॅडमसमोर रडून उपयोग नाही," असं मुलं एकमेकांना सांगत. मॅडमच्या कानावर ते यायचं, आणि खरं सांगायचं तर त्यांना मनातून ते आवडायचंही.

मॅडम दुष्ट नव्हत्या. शिकवायच्या जीव ओतून. पण हजेरी कमी भरली की त्या मुलाला परीक्षेला बसू द्यायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता होता आणि आजवर त्यांनी तो कुणासाठीही मोडला नव्हता.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी त्यांच्या केबिनच्या दारात रुपाली आडे येऊन उभी राहिली. दारव्ह्याकडच्या एका तांड्यावरची ही मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. वर्गात पहिल्या बाकावर बसणारी, उत्तर येत असलं तरी विचारल्याशिवाय न बोलणारी. तिच्या तांड्यावरून बीएस्सीपर्यंत आलेली ती पहिलीच मुलगी. पहिल्या वर्षाच्या सुरुवातीलाच तिचं लग्न झालं आणि यंदा पोळ्याच्या सुमारास ती बाळंत झाली.

"मॅडम, प्रॅक्टिकलच्या यादीतून माझं नाव कटलं," रुपाली म्हणाली.

"हजेरी बघितलीस का स्वतःची?"

"डिलिव्हरीच्या वेळची कमी भरली, मॅडम. त्यानंतर एकही दिवस बुडवला नाही. मेश्राम सर म्हणाले, अशा गैरहजेरीला विद्यापीठाच्या नियमात सूट आहे. तुम्ही शिफारस केली तर..."

सूट होती, हे मॅडमना माहीत होतं. बाळंतपणातली गैरहजेरी माफ करावी, राहिलेली प्रॅक्टिकल भरून घ्यावीत, अशी सूचना विद्यापीठाकडून आलेली होती. फक्त विभागप्रमुखाची शिफारस लागत होती, आणि अशी शिफारस त्यांनी कधी केलेली नव्हती.

"हे बघ रुपाली," त्या म्हणाल्या, "माझा मुलगा झाला तेव्हा मी याच कॉलेजात नोकरीला लागले होते. सव्वा महिनाही घरी बसले नाही. टाके दुखत असताना उभं राहून शिकवलंय मी. मला कुणी सवलत दिली नाही आणि मी मागितलीही नाही. तू एक वर्ष घरी बस. लेकरू सांभाळ. शिक्षण काही पळून जात नाही."

रुपाली खाली बघत हळूच म्हणाली, "आमच्याकडं पळून जातं, मॅडम."

मॅडमनी पुढची फाइल ओढली. रुपाली निघून गेली.

दुपारी घरी जायला निघालेल्या मॅडम पार्किंगकडे वळल्या, तेव्हा जनरेटरच्या खोलीमागून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. त्यांनी डोकावून पाहिलं. भिंतीला पाठ लावून रुपाली जमिनीवर बसली होती आणि बाळाला पाजत होती. तिच्यासमोर एक उंच, काटक बाई तिच्याकडे पाठ करून उभी राहून आपल्या ओढणीचं टोक दोन्ही हातांनी पसरून आडोसा धरत होती. रुपालीची सासू, बसंतीबाई. तिथं डिझेलचा वास भरला होता. पलीकडून मुलं गाड्या काढत होती, हसत होती.

मॅडमना पाहताच बसंतीबाईंनी हात न हलवताच मान लववली. "रागावू नका बाई. आत कुठी जागा नाई ना. दोन-तीनदा विचारलं आमी."

कॉलेजात जागा नव्हती असं नाही. तळमजल्यावर एक खोली होती आणि तिच्यावर 'विद्यार्थी सहाय्य केंद्र' अशी पाटीही होती. तपासणी समिती येणार असली की ती खोली झाडली जायची. एरवी तिथं जुने फलक आणि मोडक्या खुर्च्या कोंबलेल्या असत. केंद्राचे प्रमुख प्रा. मेश्राम यांनी ती मोकळी करून मागितली होती, पण त्यांच्या म्हणण्याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं. कौसल्या मॅडमनीही नाही.

त्या स्कूटीवर बसल्या आणि निघाल्या. पण रस्ताभर त्यांना चैन पडलं नाही, आणि चैन का पडत नाही याचाच त्यांना राग येत होता.

घरी त्यांच्या आई, विमलताई, पुढच्या खोलीत मेथी निवडत बसल्या होत्या. वडील गेल्यापासून त्या बाभुळगावचं घर बंद करून लेकीकडेच राहत होत्या. चहा घेता घेता मॅडमनी सकाळचा प्रकार सांगितला. तक्रारीच्या सुरातच सांगितला.

विमलताईंनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "पोरगी हुशार हाय?"

"हुशार आहे गं. त्याचा प्रश्न नाही."

"नियमात सूट हाय का नाही?"

"आहे. पण ती द्यायलाच पाहिजे असं नाही. माझ्या शिफारशीवर आहे ते."

"मंग काहून नाही केली शिफारस?"

"आई, मला कुणी सूट दिली होती? मी नाही का केलं सगळं एकटीनं?"

विमलताईंचा हात थांबला. त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि लेकीकडे नीट पाहिलं.

"एकटीनं?" त्या म्हणाल्या. "मंग मी कोण होती वं?"

मॅडमनी कप खाली ठेवला.

"तुह्या बाळंतपणात मी इथं आली. अंगणवाडीची नोकरी होती माही, ते सोडली. तुहे बाबा दोन वर्सं तिकडं एकटे राह्यले, वावरातून येऊन हातानं भाकरी थापत होते. तू वर्गात शिकवून राह्यली होती तवा तुहा पोरगा माह्या मांडीवर होता. अन् त्या तुह्या कॉलेजातल्या देशकर मॅडम! तुले उभं राहणं होत नव्हतं तवा तुहे तास त्या घेत होत्या, कोणाले न सांगता. इसरली का? येवढ्या लोकायनं तुले धरून ठेवलं, अन् तू म्हणते मले सवलत नाही भेटली! भेटली होती बाई. फकत तिले कोणी सवलत म्हटलं नाही."

"पण आई, त्रास तर झालाच ना मला?" मॅडमचा आवाज खाली आला होता.

"झाला. मी पाह्यला हाय. रात-रात रडत होती तू. म्हणून तर इचारतो, तुले झाला म्हणून त्या लेकरालेही झालाच पाहिजे, हा कुठचा न्याव? ज्यानं काटा सोसला त्यानं तो वाटेतून उचलावा, का मागून येणाऱ्याले म्हणावं का तूही रुतवून घे?"

"तिची सासू येते ना तिच्यासोबत..."

"सासूनं सासूचं काम केलं. कॉलेजानं कॉलेजाचं नाही कराव का?"

मॅडम उठून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. आईनं नोकरी सोडली होती! इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं, की आई, तुला ती सोडताना काय वाटलं? स्वतःची गोष्ट त्यांनी शेकडो मुलींना सांगितली होती. त्या गोष्टीत आई नव्हती, बाबा नव्हते, देशकर मॅडम नव्हत्या. होत्या फक्त त्या एकट्या, ताठ मानेनं उभ्या असलेल्या. आणि ती अर्धवट गोष्ट सांगून त्यांनी किती मुलींना परत पाठवलं असेल!

दुसऱ्या दिवशी कॉलेज उघडताच त्यांनी शिफारस लिहिली, स्वतः प्राचार्यांकडे नेऊन सही घेतली आणि मेश्राम सरांना सांगितलं, "रुपालीला बोलवा. राहिलेली प्रॅक्टिकल मी स्वतः करून घेते."

पण रुपाली आलीच नाही. फोन बंद होता. तिच्या मैत्रिणीकडून कळलं की ती आता येणार नाही, घरी तसं ठरलं आहे.

त्याच दुपारी मॅडम मेश्राम सरांच्या गाडीतून तिच्या सासरच्या तांड्यावर गेल्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, वेचणी सुरू होती. आड्यांच्या अंगणात कापसाचा ढीग पडला होता. रुपालीचा नवरा कामानिमित्त बाहेरगावी असायचा; ओसरीवर तिचे सासरे किसनसिंग बसले होते. त्यांनी पाहुण्यांना खाट दिली, पाणी दिलं. मग शांतपणे म्हणाले, "मॅडम, आता तुमी कायले तरास घेतला? तुमचंच तर ऐकलं आमी."

"माझं?"

"हो ना. ही बसंती रोज भांडे माह्यासंग, का सुनेले शिकवाच. मी म्हणो का लेकरू लहान हाय, जमत नाही. पर आयकन कोण? काल पोरगी घरी आली अन् सांगतलं, का मॅडम म्हणल्या, घरी बस, लेकरू सांभाळ. मी म्हणलो, घ्या! येवढी शिकलेली बाई तेच म्हणते जे मी म्हणतो. मंग बसंतीचंही तोंड बंद झालं."

एका अडाणी समजल्या जाणाऱ्या बाईनं घरात रोज लढून उघडं ठेवलेलं दार मॅडमच्या एका वाक्यानं बंद झालं होतं!

घरातून बाळाला कडेवर घेऊन बसंतीबाई बाहेर आल्या. मागे रुपाली. कापूस वेचून तिची बोटं ओरखडली होती. तिनं मॅडमकडे पाहिलं आणि नजर वळवली.

मॅडम खाटेवरून उठल्या.

"किसनसिंगजी, मी चुकले. रुपालीला मी जे बोलले ते चूक होतं. माझ्या वेळी माझी आई माझ्यापाशी होती, म्हणून मी शिकवू शकले. ते मी विसरले आणि हिला घरी पाठवलं. नियमात हिच्यासाठी सूट आहे. ती माझी मेहरबानी नाही, हिचा हक्क आहे. तो मी अडवून धरला होता."

बाळ बसंतीबाईंच्या ओढणीवरच्या आरशाशी खेळत होतं.

किसनसिंग म्हणाले, "मंग आता आमी काय कराव? लोक म्हणतीन, सकाळी एक, सांजच्याला दुसरं."

"तुम्ही माझं ऐकलंत म्हणता ना?" मॅडम म्हणाल्या. "मी चुकीचं बोलले तेव्हाही ऐकलंत. मग आज बरोबर बोलतेय, तर आजही ऐका!"

म्हाताऱ्यानं कापसाच्या ढिगाकडे पाहिलं. मग सुनेकडे वळून त्यानं विचारलं, "तुले काय वाटते?"

या घरात तिला हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला गेला होता. रुपालीचे डोळे भरून आले. "मले शिकायचं हाय, बापू," एवढंच ती म्हणाली.

"मंग जा," किसनसिंग म्हणाले. "लेकराले बसंती पाहीन. कापूस आमी वेचून घेऊ."

रुपालीनं राहिलेली प्रॅक्टिकल केली. त्या दिवसांत बाळ बसंतीबाईंजवळ तळमजल्यावरच्या खोलीत झोपायचं, कारण मोडक्या खुर्च्या आणि फलक एका दिवसात बाहेर निघाले होते. मॅडम, मेश्राम सर आणि तिसऱ्या वर्षाची मुलं, सगळ्यांनी मिळून खोली धुतली. एका कोपऱ्यात पडदा लावला, पाळणा बांधायला कडी ठोकली. निकाल लागला तेव्हा रुपाली सगळ्यांत पहिली आली नाही. एक पेपर राहिलासुद्धा. तो तिनं पुढच्या वेळी काढला. आज ती तिसऱ्या वर्षाला आहे.

त्या खोलीत आता इतर मुलंही येऊ लागली आहेत. कोलामी बोलीत वाढलेला आणि वर्गातलं मराठी-इंग्रजी समजत नाही हे सांगायला लाजणारा एक मुलगा आला. कानानं कमी ऐकू येतं हे दोन वर्षं लपवणारी एक मुलगी आली. ही मुलं आधीही याच कॉलेजात होती. फक्त ती कुणाला दिसत नव्हती.

यंदा पहिल्या वर्षाच्या मुलांचं स्वागत झालं, तेव्हा भाषणाला कौसल्या मॅडम उभ्या राहिल्या. नेहमीप्रमाणे हजेरीचा नियम त्यांनी सांगितला, आणि तो कडक आहे हेही सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "पण या नियमाला जिथं सूट आहे, ती सूटही नियमच आहे. आजारपण असेल, बाळंतपण असेल, ऐकायला-बघायला अडचण असेल, भाषा अडत असेल, तर तळमजल्यावर या. येताना मान खाली घालून येऊ नका. तुम्ही भीक मागायला येत नाही."

वाचकहो, आपल्यापैकी अनेकजण कुठल्या ना कुठल्या खुर्चीवर बसलेले आहेत. कुणी कॉलेजात, कुणी कचेरीत, कुणी घरातल्या मोठेपणाच्या खुर्चीवर. "आम्ही नाही का सोसलं?" हे वाक्य आपल्या ओठांवर फार लवकर येतं. ते उच्चारण्याआधी एकदा आठवून पाहावं, की आपल्याला तेव्हा कुणी धरून ठेवलं होतं. कागदावरची सवलत मुलांपर्यंत पोहोचवणं हा उपकार नाही, ते आपलं कर्तव्य आहे. आपण सोसलं असेल, तर त्याचा उपयोग एकच: पुढच्याला ते सोसावं लागू नये!