जॅकेट आणि कुंभक

संहिताला बुडता येत नव्हतं, हीच तिची अडचण होती. लोक पोहायला शिकतात ते बुडू नये म्हणून. ही बाई समुद्राच्या तळाशी राहायला शिकली होती आणि तळ तिला काही केल्या ठेवून घेईना.

गेल्या हिवाळ्यात मालवणला ती आणि तिची मैत्रीण पलक जोडीनं स्कूबाला उतरल्या. पाठीवर हवेची टाकी, तोंडात तिची नळी, नाक मास्कमध्ये बंद, कमरेला वजनाचा पट्टा, अंगात भाड्याचं जॅकेट. या जॅकेटात हवा भरली की माणूस वर येतो, सोडली की खाली जातो. संहितानं ती पार सोडून दिली होती, तरी मधूनच ती वर निघायची. जोडीनं उतरलं की जोडीनं राहायचं हा तिथला नियम, त्यामुळे पलकलाही मासे-बिसे सोडून तिच्यामागे यावं लागायचं.

आता पलकला अंदमानात आणखी खोल उतरायचं होतं. जुन्या इंदुरातल्या संहिताच्या घरी येऊन तिनं तोंडावर सांगितलं, "तू वरती भागून जाते यार. या वेळी तुझा काही बंदोबस्त झाला नाही ना, तर मी दुसरी पार्टनर बघते. बुरा मत मान."

वाईट वाटायचं ते वाटलंच. समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्या माणसाला तो वर्षातून एकदा भेटतो, तोही गेला तर उरला नळाला येणारा नर्मदेचा धागा. कंपनीकडून मिळालेल्या बोनसमध्ये एकच काहीतरी बसत होतं: स्वतःचं नवं जॅकेट, नाहीतर पुढचा कोर्स, ज्यात पाण्यात अधांतरी स्थिर राहायला शिकवतात.

तिच्या वडिलांचा, दत्तोपंतांचा, कौल ठरलेला होता. वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून ते बड्या गणपतीजवळच्या बगीच्यात रोज सकाळी लोकांना प्राणायाम शिकवत आणि उरलेल्या दिवसात घरच्यांना अक्कल.

"जॅकेट घे," ते म्हणाले. "आपले पूर्वज होळकरांच्या फौजेत होते. लढाईला कोणी किराये की तलवार घेऊन गेलं काय? चीज आपली पाहिजे. कोर्सवाल्यांचं काय, सर्टिफिकेट वाटून राहिले ते."

संहितालाही ते पटत होतं. भाड्याच्या जॅकेटाला दोष देणं सोयीचं असतं, ते बिचारं उलटून बोलत नाही. पण ती सॉफ्टवेअर कंपनीत चुका हुडकायचा पगार घेते, आणि एक गोष्ट तिला खुपत होती. मालवणला दुसऱ्या दिवशी तेच जॅकेट पलकनं घातलं होतं आणि ती तळाशी पाटावर बसावी तशी बसली होती. मग पाणी माणूस बघून वागतं की काय?

रविवारी दुपारी तिनं मालवणला शिकवणाऱ्यानं काढलेला आणि पलकनं पाठवलेला पाण्याखालचा व्हिडिओ लॅपटॉपवर लावला. जॅकेटाच्या झडपा बघितल्या, नळी बघितली, पट्टा बघितला. पुन्हा पहिल्यापासून लावला. दत्तोपंत चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले.

"ही तू काय? बेडकासारखी दिसून राहिली."

"बाबा, गप्प बसून बघा ना."

ते गप्प बसून बघू लागले, आणि एकदम त्यांनी चष्मा सारखा केला. "थांब, थांब. मागे घे जरा. बुडबुडे बघ... आले, आले... आणि बंद. अगं वा! कुंभक!" आनंदानं त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "समुद्रात कुंभक लावला पोरीनं! बगीच्यात एकालाही जमत नाही गं इतका."

संहितानं व्हिडिओ मागे नेला. बुडबुडे थांबले, ती वर निघाली. बुडबुडे सुटले, ती खाली आली. दर वेळी तेच. शेजारच्या पलकचे बुडबुडे एकदाही थांबत नव्हते.

पाण्यात श्वास कधीही रोखायचा नाही, हे शिकवणाऱ्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तिनं मान डोलावली होती, आणि आपण रोखतो असं तिला कधी वाटलंच नव्हतं. शाळेत जायच्या आधीपासून बाबांसमोर बसून शिकलेली ती: श्वास घ्यायचा, आत ठेवायचा, म्हणजेच कुंभक, मग सोडायचा. आत ठेवणं हा तिला श्वासाचाच भाग वाटायचा. भरलेली छाती तिला वर ओढत होती आणि बिचाऱ्या जॅकेटाला शिव्या बसत होत्या.

"सापडलं!" ती ओरडली. मग तिनं वडिलांकडे बघितलं आणि तिचा आवाज खाली आला. "बाबा, जॅकेट नाही हो. हा कुंभकच आहे."

"मग? बुरा काय त्यात?"

खोटं बोलता आलं असतं. पण बाबांशी खोटं बोलणं तिला कधी जमलं नव्हतं. "वर येताना छातीतली हवा फुगते. रोखून धरली तर फुप्फुस फाटू शकतं."

दत्तोपंतांनी कप खाली ठेवला. "आणि हे मी शिकवलं."

"जमिनीवर ते बरोबरच आहे ना, बाबा."

"जमिनीचं मी विचारत नाहीये," ते म्हणाले. म्हातारा घाबरला होता, चांगलाच घाबरला होता. संहिताला त्यांची दया आली, आणि खरं सांगायचं तर चूक सापडल्याचा आनंदही तिला लपवता येईना.

संध्याकाळी तिनं पलकला फोन करून कोर्स घेत असल्याचं सांगितलं. "और जॅकेट?" पलकनं विचारलं. "भाड्याचं," संहिता म्हणाली. पलक अंदमानसाठी थांबायला तयार झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी संहिता गच्चीवर श्वासाच्या सरावाला गेली, तर तिथे दोन सतरंज्या अंथरलेल्या. एकीवर दत्तोपंत. बगीच्यातल्या लोकांना त्यांनी सुट्टी दिली होती.

"बस. नाक धर," ते म्हणाले. "तोंडानं घ्यायचा, तोंडानं सोडायचा. मध्ये थांबायचं नाही."

तोंडानं श्वास घेणाऱ्याला उभ्या जन्मात माफ न केलेल्या या माणसानं स्वतःचं नाक चिमटीत पकडलं. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, तसं त्यांचं उघडलं. दोघं बापलेक समोरासमोर बसून धापा टाकू लागले. दर चार-पाच श्वासांनी म्हाताऱ्याची छाती जुन्या सवयीनं भरून थांबायची, की ते स्वतःवरच चिडून श्वास सोडायचे.

शेजारच्या गच्चीवर शांताबाई कपडे वाळत घालत होत्या. "दत्तोपंत, सर्दी झाली काय हो?"

"सर्दी नाही," नाक न सोडता ते गेंगाण्या आवाजात म्हणाले. "पोरीला मी चुकीच्या जागेचं शिकवून बसलो, शांताबाई. आता दोघं मिळून विसरून राहिलो."