कर्ता गाळायचा नाही

वालाच्या कोवळ्या पानांचा हिरवट, किंचित कडवट गंध शेवंताच्या आधी खोलीत येई. मग उंबऱ्याबाहेर चपला निघत, हिवाळ्याचं तिरपं ऊन तिच्या पदरासोबत आत सरके, आणि निडी ते रोहा एवढ्या प्रवासात पाठ केलेले शब्द ती बसण्याआधीच पुटपुटू लागे. मी तेव्हा रोह्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत असे. शेवंता चौतिशीची, निडीजवळच्या एका गावात अंगणवाडीची मदतनीस. तिथल्या सेविकेची जागा रिकामी होणार होती, पण तिच्यासाठी दहावी पास होणं भाग होतं. बाकीचे विषय सुटले होते. इंग्रजीने मात्र तिला दोनदा परत पाठवलं होतं.

"तिसऱ्यांदा नाय जानार परत," पहिल्याच दिवशी तिने मला बजावलं.

ती मूळची पेणच्या खाडीकडची, मिठागरात राबणाऱ्या घरातली. लग्न होऊन पावसात भात आणि हिवाळ्यात वाल पिकणाऱ्या मुलखात आली, तरी खाऱ्या वाऱ्याने घडवलेला तिचा चेहरा तसाच राहिला होता: रापलेला, शांत, डोळे जरा बारीक केलेले, जणू समोर सतत मिठाची लखलख आहे. पेन्सिल ती इतकी घट्ट धरी की शिसाचं टोक मोडे. मोडलं की न चिडता पुन्हा काढी.

गाडं अडलं ते पूर्ण भूतकाळातल्या कर्मणी प्रयोगापाशी. 'हॅड बीन' हे दोन शब्द तिच्या वहीत कधी 'वॉज बीन' होत, कधी 'हॅव बीन'. नियम सांगून मी थकले, तेव्हा तिच्यासाठी एक छोटीशी गोष्ट रचली. एक बाई बाजारातून घरी येते. येऊन पाहते तर कुलूप तोडलं गेलेलं, पेटी उघडली गेलेली, दागिने नेले गेलेले. ओळीओळीत 'हॅड बीन'.

शेवंताने बोट ठेवून गोष्ट वाचली. "म्हंजे ही येन्याआधीच सगलं झालेलं."

"बरोबर. आधी झालेलं, म्हणून 'हॅड बीन'."

"पन केलं कुनी?"

"ते माहीत नाही. म्हणून तर कर्ता गाळायचा."

"आनि माहीत असंल तर?"

"महत्त्वाचा नसेल तर तेव्हाही गाळतात," मी सहज म्हणाले.

तिने वही मिटली. ती दुखावली आहे हे कळायला मला थोडा वेळ लागला.

मग ती बोलली. ती नऊ वर्षांची असताना भर दुपारच्या उधाणात गावाच्या बांधाला खांड पडली, म्हणजे बांध फुटून भगदाड झालं. पुरुषमाणसं पेणला गेलेली. खाडीचं पाणी भातशेतात शिरू लागलं तशी तिची आई त्या धारेत उतरली. तिच्यामागून आणखी चारजणी. छातीएवढ्या पाण्यात उभ्या राहून त्यांनी पेंढा आणि चिखल थापला. पुरुष परतले तेव्हा पाणी थांबलं होतं.

"नंतर जो तो म्हनायचा, खांड बुजली. जशी काय आपसूक बुजली! आयचं नाव कुनी घेतलं नाय. तुमचं इंग्रजी पन तसंच बोलतंय, बाई."

इतकी वर्षं शिकवताना काम कुणाकडून झालं ते सांगणाऱ्या 'बाय' या शब्दावरून मी घाईने पुढे जात आले होते. चालेल तर लिहा, नाहीतर सोडा. त्या दुपारी प्रथमच मी तो शब्द फळ्यावर मोठ्या अक्षरांत काढला. "याच्यापुढे आईला उभी कर," म्हटलं.

अर्धा तास लागला. खोडत, पुसत, ओठांत अक्षरं जुळवत तिने लिहिलं: 'व्हेन द मेन केम, द बंड हॅड बीन रिपेअर्ड बाय माय मदर.' एकही चूक नव्हती. आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तिने डोळे पुसले नाहीत. पुढचं वाक्य लिहायला घेतलं.

परीक्षेआधी मी सुचवलं, "'बाय'पासून पुढचं गाळलं तरी चालतं. वेळ वाचेल, स्पेलिंगची भीती नाही."

"नाय गालनार."

गाळलंही नाही. वेळ कमी पडून शेवटचा प्रश्न लिहायचा राहून गेला, पण ती पास झाली, काठावर का होईना. पावसाळा सरता सरता सेविकाही झाली.

निवृत्तीनंतर मी पेणला रामवाडीत राहायला आले. एकदा माहेरी आली असता शेवंता मला खाडीवर घेऊन गेली. बांधावर आता गवत माजलं होतं, भरतीचं पाणी कडेला संथ चुळबुळत होतं. चालता चालता ती थांबली. "हितं, आयनं," एवढंच म्हणाली. मला तिथे काहीच वेगळं दिसलं नाही; मातीसारखी माती होती. माणसं काळाआड जातात तेव्हा त्यांचं काम निनावी होऊन मागे उरतं, आणि जोवर कुणीतरी त्याच्यापाशी थांबून त्यांचं नाव घेतं, तोवरच त्यांचं जाणं अपुरं राहतं.