मागची गाडी

"थांब, थांब. भोक पाडायच्या आधी मला नीट सांग. ह्यो रेडिओ हाय का फोन?"

आकारामतात्यांनी माझं ड्रिल धरलेलं मनगट घट्ट पकडलं होतं. त्यांच्या जीपचा मागचा बंपर माझ्या पुढ्यात होता, कानावर पेन्सिल होती, आणि पायाशी चार फुटांची अँटेना आणि तिच्या खोक्यातून निघालेला इंग्रजी कागद. तो कागद मी सकाळपासून पाच वेळा वाचला होता. वाचला म्हणजे त्यातली चित्रं पाहिली होती.

"दोन्हीबी हाय," मी म्हणालो. "बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं."

"आन् दोघांनी एकदम दाबलं तर?"

"मग कुणालाच काय ऐकू येणार न्हाय."

"म्हंजे आमच्या घरागत," तात्या म्हणाले आणि त्यांनी मनगट सोडलं.

मी प्रसेनजीत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं पंचशील ऑटो इलेक्ट्रिकल्स तीस वर्षं चालू आहे. हॉर्न, वायपर, सेल्फ, अल्टरनेटर, जत्रेच्या गाडीवरची रोषणाई, काय वाटेल ते. ज्या वस्तूला दोन वायरी आहेत ती प्रसेनजीतला कळते, असा लोकांचा समज आहे आणि तो मीच करून दिलेला आहे. 'मला येत नाही' हे शब्द माझ्या तोंडून कधी निघालेले नाहीत. बायको म्हणते, एक दिवस याच खोडीनं तोंडघशी पडाल. तो दिवस कोणता, एवढंच तिनं सांगितलं नव्हतं.

झालं होतं असं. तात्या साखर कारखान्यात फिटर होते. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे दोन गोष्टी उरल्या. एक ही जुनी डिझेल जीप, जी त्यांनी स्वतः खोलून, जोडून, स्वतःच्या हातानं रंगवली होती. आणि दुसरी, रांगेतली शेवटची जागा. गगनबावड्याकडच्या कातळाच्या सड्यांवर, जंगलातल्या वाटांवर जीपा घालणारा कोल्हापूरकरांचा एक ग्रुप आहे. त्यात चौदा वर्षं मागची गाडी तात्यांची. कुणाचं चाक खड्ड्यात गेलं, कुणाचं डिझेल संपलं, कुणाला वाट चुकली, की मागून तात्या येणारच. त्यांच्या मागे कुणीही राहायचं नाही, हा नियम. पुढे जाऊन फोटो काढण्यात त्यांना काडीचा रस नव्हता. सगळी पोरं नीट परत आली की हा माणूस आठवडाभर खुशीत असायचा.

आणि मग ग्रुपच्या प्रमुखाचा, उदयसिंहचा मोबाइलवर निरोप आला. येत्या ट्रिपपासून रेडिओ सक्तीचा. चॅनेल पाच. पुढची गाडी आणि मागची गाडी रेडिओवालीच असेल, ज्याच्याकडे रेडिओ नाही त्यानं मधे चालायचं. मागच्या ट्रिपला काही जणांनी तो आणलाही होता, पण तात्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे त्या ट्रिपला गेले नव्हते, त्यामुळे हा रेडिओ दिसतो कसा हेही त्यांना ठाऊक नव्हतं. ते मोबाइल घेऊन तडक माझ्याकडे आले.

"मधी चालायचं म्हंजे काय रं?" ते म्हणाले. "मधी काय काम असतंय?"

"काय काळजी करू नगासा," मी म्हणालो. "मी बसवतो."

शाहूपुरीतल्या दुकानात दीड तास गेला. दुकानदारानं काउंटरवर दोन सेट ठेवले. एकात चाळीस चॅनेल, एकात ऐंशी. मग अँटेना: एक बुटकी, एक लांबलचक. बुटकी फांदीला अडकत नाही पण लांबवर पोचत नाही. लांब पोचते पण फांदीला अडकते. तिसरी एक चुंबकाची होती, ती छताला चिकटवायची. जीपला छत ताडपत्रीचं. दुकानदार एएम म्हणाला, एफएम म्हणाला, मग काही आकडे म्हणाला. मी दर आकड्याला मान हलवत होतो.

"ह्याच्यावर आकाशवाणी लागती काय?" तात्यांनी विचारलं.

"न्हाय, पावणं."

"मग एवढी चाळीस चॅनेलं कशाला?"

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली सेटकडे पाहिलं. त्यानं एक प्रश्न मात्र अगदी बरोबर विचारला. म्हणाला, "बाकीच्या गाड्यांत कुठला हाय?"

"ह्योच," मी ठोकून दिलं. "रेडिओच. चॅनेल पाच."

"पाच तर ह्याच्यातबी हाय," तो म्हणाला, आणि त्यानं चाळीसवाला सेट खोक्यात भरला. त्याला सीबी म्हणतात, एवढं मी पाठ करून घेतलं.

आता माझ्या कामाबद्दल सांगतो. उद्यमनगरात माझं नाव एका गोष्टीसाठी आहे: माझ्या हातचं भोक गळत नाही. पत्र्यात भोक पाडलं की मी आधी कडेला लाल रंग लावतो, वर जाड रबरी वायसर, त्यावर बोल्ट, आणि वरून एम-सील. गाडी गगनबावड्याच्या पावसात चार महिने उभी करा, आत थेंब येणार नाही. अँटेनाचं बूडही मी असंच बसवलं. दोन रबरं जास्तच घातली. सेट डॅशबोर्डखाली लावला, वायरी थेट बॅटरीवर नेल्या, मधे फ्यूज टाकला. काम देखणं झालं होतं. दुकानदारानं तपासायला एक मीटर दिला होता. बटण दाबलं की त्याचा काटा डाव्या बाजूला राहायला हवा. आमचा काटा लालात जाऊन बसला.

मी वायर बदलली. फ्यूज बदलला. अँटेना काढली, फुंकर मारली, परत लावली. काटा लालात. तात्या स्टुलावर बसून काट्याकडे बघत होते, जसं आजाऱ्याच्या तापाकडे बघतात.

शेवटी दुकानदाराला फोन लावला.

"बुडाला काय घातलंयसा?" त्यानं विचारलं.

"रबर," मी अभिमानानं म्हणालो. "दोन्ही अंगानं."

मग तो म्हणाला, "समदं काढा. रंगबी खरवडा. पत्र्याला लोखंड लागाय पायजे, त्याबिगर ती अँटेना नुसती काठी हाय."

तीस वर्षांत मी कुणाच्या गाडीचा रंग मुद्दाम खरवडला नव्हता. आणि हा तर तात्यांनी पहाटे उठून, ब्रशच्या तीन हातांनी दिलेला रंग. माझा हात होईना. तात्यांनी माझ्या हातातली कानस घेतली आणि बंपरचा पत्रा चकाकेपर्यंत स्वतः घासला. बोल्ट आवळला, बटण दाबलं, काटा डाव्या बाजूला. माझ्या सगळ्या ज्ञानाच्या उलट झालं होतं, पण झालं होतं.

मग आम्ही टेंबलाईच्या टेकडीवर गाडी नेली. दुकानदारानं दुकानातला दुसरा तसाच सेट चालू ठेवला होता.

"आवाज येतोय का?" सेटमधून स्पष्ट आवाज आला.

तात्या सीटवर ताठ बसले. टोपी सारखी केली. माइक तोंडापाशी नेऊन म्हणाले, "मी आकाराम बोलतोय. मूळ गाव मुरगूड. हल्ली मुक्काम कोल्हापूर. तुमचा आवाज झकास येतुया. घरची समदी बरी हायत न्हवं?"

मी हसून हसून बेजार झालो. पण खरं सांगतो, त्या क्षणी मला फार बरं वाटलं. माणसाची जागा आपण राखली, असं वाटलं.

चार दिवसांनी तानाबाईंचा फोन. तानाबाई म्हणजे तात्यांची बायको.

"प्रसेनभावजी, ह्यास्नी काय झालंय? रोज सकाळी अंगणात जीपमधी बसत्यात आन् त्या डबड्यात बोलत्यात. 'मी मागं हाय. समदी म्होरं हायत. कुणी राहिलं न्हाय.' पलीकडनं तर कोण बोलत न्हाय."

"सराव करत्यात, वहिनी," मी म्हणालो.

रविवारी सकाळी फुलेवाडी नाक्यावर अकरा गाड्या जमल्या. माझं काम कसं चालतं ते बघायला मीही तात्यांच्या शेजारी बसून आलो होतो. तात्यांनी न विचारता जीप रांगेच्या शेवटी लावली. उदयसिंह सगळ्यात पुढे उभा होता. त्याच्या खांद्याला पट्टीत अडकवलेलं, मुठीत मावेल एवढं एक काळं यंत्र होतं. ते बघून मी आमच्या डॅशबोर्डखालच्या सेटकडे एकदा पाहिलं, पण मला वाटलं, ग्रुपचा प्रमुख आहे, काहीतरी भारी घेतलं असेल.

"चॅनेल पाच," तो त्या यंत्रात म्हणाला. "एकेकानं हजेरी द्या."

पुढच्या गाड्यांतून एकेक हजेरी येत गेली. ती आम्हाला ऐकू येत होती खिडकीतून. आमचा सेट गप्प होता.

तात्यांनी माइक उचलला. "मागची गाडी. आकाराम."

काही नाही.

"मागची गाडी. आकाराम बोलतोय. ऐकू येतंय काय?"

उदयसिंह आमच्यापासून हाकेच्या अंतरावर होता. टेंबलाईवरून शाहूपुरी ऐकू येते आणि इथून शंभर पावलं ऐकू येत नाही? मी खाली वाकून फ्यूज बघितला. वायरी हलवल्या. चॅनेल पाचच होतं. चार केलं, सहा केलं, परत पाच केलं. बॅटरी ठीक, अँटेना ठीक, पत्र्याला लोखंड लागलेलं. डोकं चालेना. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता आणि तात्या माझ्याकडे बघत होते.

तेवढ्यात आमच्या पुढच्याच गाडीतून स्नेहल उतरून आली. ही पेठ वडगावची, जनावरांची डॉक्टर. तिनं आत डोकावून सेटकडे पाहिलं.

"तात्या, ह्यो सीबी हाय," ती हळूच म्हणाली. "आमच्याकडं वॉकीटॉकी हायत. त्येंचा पाच वेगळा आन् ह्येचा पाच वेगळा. ह्यावरनं आमच्याशी बोलताच येत न्हाय."

"पाच वेगळा?" तात्यांनी मला विचारलं.

उदयसिंहला एक फोन केला असता तर हे पहिल्या दिवशी कळलं असतं. पण फोन करून मी काय विचारणार होतो? की मला येत नाही? मला माझीच इतकी लाज वाटली की मी गाडीतून उतरून उगाच मागच्या चाकाची हवा बघू लागलो.

उदयसिंह आला. त्याला सगळं सांगितलं.

"जादा सेट हाय काय एकांदा?" मी विचारलं.

"न्हाय ओ." त्यानं तात्यांकडे न बघता सांगितलं. "तात्या, आज मधी चला. तसंबी आता मागं स्नेहलच राहील म्हणलोय मी. तिच्या गाडीला विंच हाय, बटण दाबलं की गाडी वढून काढती. तुम्ही लई वरसं केलंसा. आता जरा निवांत बसा की."

म्हणजे जागा रेडिओमुळे गेली की आधीच गेली होती? बरोबर सेट आणला असता तर राहिली असती का? मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. उदयसिंह वाईट पोरगा नाही. पण तो बोलत होता तेव्हा बुटानं सारखी माती उकरत होता.

तात्यांनी खाली उतरून जीपच्या मागून जाड दोर काढला, दोन फळ्या काढल्या, फावडं काढलं आणि सगळं स्नेहलच्या गाडीत नेऊन ठेवलं.

"तात्या, विंच हाय माझ्याकडं," ती म्हणाली.

"असू दे. बटण बंद पडलं तर?" ते दोराची गाठ दाखवत म्हणाले. "कुणाला वढताना झटका देऊ नगंस. आधी दोर ताणून घे. आन् दर वळणाला म्होरल्या गाड्या मोज. एक कमी दिसली की थांब. कुणी हसू दे, रागावू दे, थांबायचं."

"व्हय, तात्या," ती म्हणाली. तिनं दोराची गाठ हातानं ओढून बघितली.

रांग निघाली. आम्ही सहावे. कळे गाव येईपर्यंत तात्या आरसा एकसारखा हलवत होते, पण त्यात मागच्या गाडीची काच सोडून काही दिसत नव्हतं.

"प्रसेन, ती येतीया काय बघ की."

मी खिडकीतून बाहेर वाकलो. वळणावर शेवटी स्नेहलची हिरवी गाडी दिसली. "येतीया."

मैलभर गेल्यावर पुन्हा. "येतीया?"

"येतीया, तात्या."

पुढच्या वळणाला मला ती दिसली नाही. मी सांगायच्या आधीच त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ब्रेकवर पाय ठेवला. जीप रेंगाळली. आमच्या मागच्या पोरानं लगेच हॉर्न दिला, लांबलचक. चौदा वर्षांत त्या रांगेत तात्यांना मागून कुणी हॉर्न दिला नव्हता. ते दचकले. मग त्यांनी हात बाहेर काढून त्या पोराला माफ कर म्हणून खूण केली आणि गाडी पुढे घेतली.