लाल चिंधी, पांढरी चिंधी

मित्रांनो, मंगरूळपीरच्या एका परसात चिंचेला टेकून उभी आहे ना, तीच मी जुनी सायकल. घंटी केव्हाच गेली. सीटवर कोंबडी बसते. बसू दे बापडी!

कस्तुरचंद शेठजींची गावात तीन दुकानं होती: किराणा, कापड आणि बियाणं. त्यांचा गडी पुंजाजी मला घेऊन तिन्हीकडचा माल गोळा करायचा. शेवटी बियाण्याच्या दुकानात शेठजी प्रत्येक पोत्याला चिंधी बांधत. किराण्याला पांढरी, कापडाला हिरवी आणि औषध चोळलेल्या बियाण्याला लाल. मग आम्ही तांड्यांवर, खेड्यांवर निघायचो. "लाल चिंधी म्हंजे इख, जहर! खायचं नाही," पुंजाजी दारोदार सांगायचा.

माझी एकही फेरी कधी चुकली नव्हती. मला त्याचा भारी ताठा! पण साखळीला तेल घाला असं पुंजाजीनं म्हटलं की शेठजी म्हणत, "चालून राह्यली ना? मंग कायले तेल?"

त्र्याहत्तरच्या मृगात एकदा शेठजींना उशीर झाला. दिवस मावळायच्या आत जेवायचा त्यांचा नेम. त्या घाईत ज्वारीच्या दोन पोत्यांच्या चिंध्या उलटसुलट बांधल्या गेल्या.

पांढऱ्या चिंधीचं पोतं आम्ही तांड्यावर भागिरथाला दिलं. तिच्या घरात सकाळपासून दाणा नव्हता. अंधारल्या खोपटात तिनं लगेच जातं मांडलं. लाल चिंधीचं पोतं पुढच्या गावी पेरणीसाठी थांबलेल्या जगदेवनं उघडलं, मूठभर दाणे हुंगले.

"पुंजाजी, याले औषधाचा वासच नाही. हे तं खायची ज्वारी!"

पुंजाजीचं तोंड उतरलं. "मंग भागिरथाच्या घरी काय गेलं?"

भागिरथाला तीन लेकरं होती. पुंजाजीनं जिवाच्या आकांतानं मला पिटाळलं. नाल्याच्या चढावर माझी कोरडी साखळी तुटली. किती महिने कुरकुरत होते मी! त्यानं मला बाभळीखाली टाकलं आणि तो चिखलातून पळत सुटला. माझं चाक नुसतंच फिरत राहिलं. फार लाज वाटली हो मला.

पुढचं पुंजाजीनंच नंतर सांगितलं. पहिली भाकर तव्यावर होती, धाकटी हात पसरून बसली होती. "बाई, थांब! इख आहे त्याच्यात!" म्हणत त्यानं तवाच उलथा केला. लेकरं उपाशी झोपली, पण सकाळी उठली.

दुसऱ्या दिवशी शेठजी डोक्यावर ज्वारी घेऊन पायी तांड्यावर गेले. परतल्यावर माझ्यापाशी बसले आणि नव्या साखळीला त्यांनी स्वतः तेल घातलं.

मित्रांनो, गाठ बांधताना घाई करू नका. आणि आपल्यासाठी राबणारं कुणी कुरकुरलं, तर त्याच दिवशी ऐका. त्या संध्याकाळी पुंजाजी पोचला. मी पोचले नव्हते.