कोरी चकती

"फिरतेय की झोकात! मग कोरी कशी, अक्का?" नागनाथने विचारले.

यंत्रावरची फीत खरोखरच छान फिरत होती. पण कागदावर एक आकडा उमटेल तर शपथ! वसुमतीबाईंनी ती तिसऱ्यांदा लावून पाहिली आणि मटकन खुर्चीत बसल्या. बेळ्ळंदूरपासून के. आर. पुरमपर्यंतच्या तळ्यांचे पाणी त्यांनी आठ वर्षे मोजले होते. ते सगळे फितीच्या या एका चकतीत होते.

"नागण्णा, खंडेनवमीच्या पूजेत ही कुठं ठेवलात?"

अडुसष्टचा दसरा नुकताच झाला होता. कारखान्यांत लेथची पूजा होते, मग आमच्या संगणकाने काय पाप केले, असे म्हणत शिपाई नागनाथ दरवर्षी स्वतः पूजा मांडी.

"उंचावर ठेवलो की. गाण्यांसाठी भाड्याचा स्पीकर आणला होता, त्याच्यावर रेशमी खण घालून. एवढी मोलाची वस्तू, खाली कशी ठेवू? कुंकूसुद्धा चकतीच्या डब्यालाच लावलो."

"अहो, काय केलात हे! स्पीकरच्या आत लोहचुंबक असतो. त्यानं फितीवरचं सगळं पुसलं."

नागनाथने चकती उजेडात धरली. तीच तपकिरी चमक. ना डाग, ना ओरखडा. इतकी धडधाकट दिसणारी वस्तू आतून रिकामी झाली, हे त्याच्या डोक्यात शिरेना.

"मग कार्डांवरून पुन्हा भरा की," तो म्हणाला आणि लगेच त्याला आठवले. भोके पाडून आकडे नोंदवलेली वीस हजार कार्डे! सगळी चकतीत मावली म्हणून मागच्याच महिन्यात ती रद्दीत गेली होती. गाडीवर चढवली होती त्यानेच.

वसुमतीबाई ओरडल्या असत्या तर बरे झाले असते. त्या फक्त म्हणाल्या, "सरी, असू दे. जा घरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने त्यांच्या टेबलावर चौदा कार्डे ठेवली. काहींवर तेलाचे गोल डाग होते.

"थोडी घरी नेलो होतो. आमच्या बायकोनं, अंबुबाईनं, तेलाच्या डब्यांखाली घातली होती. पुसून आणलो."

वसुमतीबाईंनी एकाच्या भोकांवरून बोट फिरवले. "बासष्टचा जून. बेळ्ळंदूर. नऊ फूट." त्यांनी कार्ड उजेडाकडे धरले. "पाणी चांगलं होतं त्या साली."

त्यांनी रिकामे कपाट उघडून चौदा कार्डे उभी ठेवली. ती सारखी पडू लागली. नागनाथने कोरी चकती आणून त्यांना टेकू दिला.