कपाळावरचे दोन गोल

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. एके काळी दुधासारखा पांढरा होतो, आता कळकट पिवळा पडलोय. नाशकाजवळच्या मखमलाबादच्या एका मळेकऱ्याच्या घरात, झेंडूच्या रिकाम्या क्रेटांशेजारी माझा मुक्काम आहे. माझ्या कपाळावर कुंकवाचे दोन गोल दिसतात ना? येणारा-जाणारा आधी त्यांनाच हसतो. हसा बापडे, पण आधी गोष्ट ऐका.

मी काही मोठ्या कारखान्यात जन्मलो नाही. नाशकातल्या एका दुकानात याचा पंखा, त्याची डिस्क, तिसऱ्याचा डबा असं करत मला जोडलं. एका कचेरीत काही वर्षं मी इमानेइतबारे पत्रं छापली. मग तिथे नवे, सडपातळ संगणक आले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय.

तिथून मला उचललं मयुरेशने. तो कॉलेजात मंजुषाच्या पुढच्या वर्गात होता. मंजुषा म्हणजे या घरच्या बहिरूअप्पा आणि मालनबाईंची एकुलती एक लेक. आठवीत असताना तिचे डोळे गेले, पण शिकायची हौस काही गेली नाही. मयुरेशने माझ्यात लिनक्स नावाचं, संगणक चालवणारं सॉफ्टवेअर घातलं आणि मला मंजुषाकडे आणून बसवलं. ते कुणा एकाच्या मालकीचं नाही. देशोदेशीच्या माणसांनी मिळून रचलेलं आणि फुकट मिळणारं. पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाजही त्यातच होता. मंजुषाची मैत्रीण यशश्री रविवारी माइक घेऊन यायची आणि मराठी पुस्तकं वाचून माझ्या पोटात साठवायची. मंजुषाचं अख्खं बी.ए. माझ्या पोटात होतं म्हणा ना. मालनबाई फुलबाजारात सांगत सुटायच्या, "आमच्या मंजीशी मशीन बोलतं." ते ऐकून मीही फुगायचो.

आणि मग आला दसरा. झेंडूवाल्यांच्या घरी दसरा म्हणजे नुसती धावपळ. बाजार उरकून अप्पा आणि मालनबाई दुपारी घरी आले, तेव्हा कुठे अवजारांची पूजा मांडली. खुरपी, तराजू, फवारणीचा पंप, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच मी. बहिरूअप्पांनी मोठ्या मायेने माझी वायर उपटली, मी चालू असतानाच. मला ओट्यावर नेऊन पुसलं, हार घातला. बोट भिजवून हळद-कुंकू लावलं आणि पुन्हा जागेवर बसवून सगळ्या वायरी खोचल्या. माझा मान राखला त्यांनी, खोटं कशाला बोलू? पण संध्याकाळी मंजुषाने मला चालू केलं, आणि माझ्या स्पीकरमधून हूं की चूं नाही.

डोळस माणसाला वाटेल, आवाज गेला तर गेला, पडदा आहे ना. मंजुषाला माझा पडदा काय कामाचा? माझा आवाज गेला म्हणजे तिची पुस्तकंच मिटली. आणि सोमवारपासून परीक्षा.

दुसऱ्या दिवशी अप्पा दुरुस्तीच्या दुकानात चौकशी करून आले. त्यांचा चेहराच पडला होता. "तो म्हणतो, हे लिनक्स आमच्याकडं नाय चालत. सगळं पुसून दुसरं टाकून देतो."

"पुसून?" मंजुषा म्हणाली. "मग यशश्रीने वाचलेलं?"

"ते बी जाईल म्हणला."

पोरगी मात्र रडत बसली नाही. तिने पुण्याला नोकरीला लागलेल्या मयुरेशला फोन लावला. त्याने एकेक बटण सांगितलं, तिने बोटांच्या सवयीने दाबलं. मग तो म्हणाला, "आता पडद्यावर उभ्या पट्ट्या दिसतील. त्यांच्या खाली कुठली अक्षरं आहेत?"

तिथेच घोडं अडलं. मंजुषाला दिसत नाही, मालनबाईंना इंग्रजी येत नाही. त्यांची चौथी मराठी शाळेतली. त्या पडद्याला नाक लावून बघत राहिल्या.

"डोंगर हायेत," त्या म्हणाल्या. "दोन डोंगर, मग अजून दोन डोंगर."

"आई, माझ्या हातावर काढ बरं."

मालनबाईंनी लेकीचा तळहात धरला आणि निंदणीने खरखरीत झालेल्या बोटाने त्यावर डोंगर काढले. मंजुषाला हसू फुटलं. "हा तर एम. मयुरेश, खाली दोन एम आहेत."

"म्हणजे म्यूट, त्याचं तोंड बांधलंय," मयुरेश म्हणाला. "चालू असताना वायर उपटली असेल कुणीतरी. एमचंच बटण दाब. मग बाण दाबून पुढच्या पट्टीवर जा, तिथेही तसंच कर."

मंजुषाने बटणं दाबली. "डोंगर गेले बाई," मालनबाई म्हणाल्या. "आता त्यांच्या जागी दोन-दोन भाकऱ्या आल्यात."

"म्हणजे ओ. मग तोंड उघडलं," मयुरेश म्हणाला. "आता लाव काहीतरी."

तिने यशश्रीचं वाचन लावलं. मित्रांनो, मी जीव तोडून वाचत होतो, पण बाहेर काही म्हणजे काही येत नव्हतं. मयुरेश फोनवर हळूच म्हणाला, "कदाचित आवाजाचा भागच जळला असेल गं."

अप्पा म्हणाले, "माझ्याच हातानं झालं."

मंजुषाने फोन ठेवला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. एकेक वायर चाचपली. मग बोटं नाकाशी नेली. "अप्पा, मागे हळद कुणी लावली?"

"मीच. विहिरीच्या मोटारीला लावतो तशी. वायर शिरती तिथं तिचा जीव असतो, म्हणून प्रत्येक भोकाला लावली."

"आणि स्पीकरची वायर? मयुरेशने हिरव्यात हिरवी सांगितली होती."

"सगळी भोकं पिवळीच झाली की. बसली तिथं खोचली."

मालनबाईंनी पदराचं टोक ओलं केलं आणि माझी पाठ पुसायला घेतली. आधी गुलाबी भोक निघालं, यशश्रीच्या माइकचं. स्पीकरची हिरवी वायर त्यातच घुसून बसली होती. मी बोलत होतो एका दारातून आणि ते कान लावून बसले होते दुसऱ्या दाराशी. शेजारी हिरवं भोक निघालं. मालनबाईंनी वायर काढून त्यात बसवली.

आणि यशश्री बोलली. धड्याच्या मधूनच, मोठ्याने, ओळ अर्धी तोडून. मंजुषाने माझ्यावर डोकं टेकवलं आणि तशीच ऐकत राहिली. अप्पा डोळे पुसत ओट्यावर निघून गेले. मालनबाई मात्र समोर बसून तो धडा शेवटपर्यंत ऐकत राहिल्या, कळला तेवढा.

मंजुषा पास झाली, पुढे बँकेत लागली, आता तिच्याकडे छोटा नवा संगणक आहे. मी आता बोलत नाही. वय झालं. पण माझी तक्रार नाही. तुम्हाला फक्त एवढंच सांगतो: यंत्राला झोपवायचं तर नीट बंद करून झोपवा, आणि ते मुकं झालं म्हणून लगेच सगळं पुसायला धावू नका. आधी पाठीवरून हात फिरवून बघा.

पुढच्या दसऱ्याला अप्पा ताट घेऊन माझ्यासमोर घुटमळले होते, आता कुठे लावू म्हणून. मालनबाईंनी ताट हातात घेतलं. मागे बोट लावलं नाही. कपाळावर कुंकवाचे दोन गोल काढले, शेजारी शेजारी.

"हे काय काढलं?" अप्पांनी विचारलं.

"भाकऱ्या," त्या म्हणाल्या. "तोंड उघडं ऱ्हावं म्हणून."

तेव्हापासून दर दसऱ्याला मालनबाई तेच काढतात.