बेदाण्याच्या शेडची जाळी

आई माझ्याकडे साताऱ्याला आली ती एका अटीवर. दिवाळीपर्यंत राहायचं, औषधं घ्यायची, आणि त्यानंतरही तिच्या मनात तेच असेल तर मी अडवायचं नाही. तेच म्हणजे सल्लेखना. एक्क्याऐंशीव्या वर्षी, हृदय निम्म्याहून कमी ताकदीनं चालत असताना, अन्न आणि मग पाणी क्रमानं सोडून जाण्याचं व्रत तिला घ्यायचं होतं. सांगलीच्या बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, चातुर्मासाला येणारे महाराज म्हणाले होते, सगळ्या मुलांची संमती असेल तरच बघू. मुलं दोनच. माझा धाकटा भाऊ भरतेश हो म्हणाला होता. मी म्हणाले नव्हते.

औषधं आणि आहार सांभाळला तर दोन वर्षं निघतील, असं डॉक्टरांचं मत होतं. मला ती दोन वर्षं हवी होती.

माझा फ्लॅट नवा, चौथ्या मजल्यावर. पांढऱ्या भिंती, पांढरी फरशी, सरकत्या काचांच्या मोठ्या खिडक्या. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आई आली, दारातच थांबली आणि आत नजर फिरवून म्हणाली, "ब्राह्मी, हे घर हाय का दवाखाना गं?"

"घर आहे."

"मग कोण ऱ्हातं हितं?"

मी प्राणिशास्त्र शिकवते. कुठलाही जीव आणून ठेवला की आधी त्याची जागा त्याच्यासारखी करावी लागते, नाहीतर तो खात नाही. हे मी सव्वीस वर्षं मुलांना सांगत आले होते. त्या रविवारी मी आईच्या खोलीपासून सुरुवात केली.

फार खर्च करायचा नव्हता, कारण महाग वस्तू दिसली की ती परत करायला लावायची. तिच्या ट्रंकेत तळाशी तीन जुन्या इरकली साड्या होत्या, विरलेल्या. त्यांचे धड राहिलेले भाग कापून मी पडदे शिवले, काठ खाली ठेवले. द्राक्षाची लाकडी खोकी घासून, उन्हात तापवून, एकावर एक ठेवून शेल्फ केलं. तिच्या उशाकडच्या भिंतीला गेरू आणि चुना मिसळून हात दिला. तीन वेळा प्रमाण बदलल्यावर आमच्या तासगावच्या मळ्यातल्या घराचा रंग आला.

"हां," आई भिंतीवर तळवा ठेवून म्हणाली. "आता वळखीचं झालं."

त्या दिवशी तिनं अर्धी भाकरी जास्त खाल्ली. मी वहीत तिचं वजन लिहीत होते. सदतीस किलो आठशे. पंधरा दिवसांनी अडतीस सहाशे.

जुलैच्या सुरुवातीला भरतेश आला. कुपवाडला त्याचं लेथ मशीनचं वर्कशॉप आहे. मी सांगितल्याप्रमाणे त्यानं दिव्याच्या सांगाड्यासाठी लोखंडी कड्या कापून आणल्या होत्या, आणि मळ्यात पडून असलेली बेदाण्याच्या शेडची हिरवी जाळी, गुंडाळी करून.

"आक्का, कॉलेज सोडून डेकोरेशनची ऑर्डर घ्यायला लागलीस काय?"

"तुझं ऑफिस करू का? ग्रीसचे डाग सोडून काहीतरी दिसेल."

"नको. गिऱ्हाईक म्हणंल, भरतेशचं लय चाललंय, भाव पाड."

आई हसली. तिला असं हसताना मी अप्पा, आमचे वडील, गेल्यापासून पाहिलं नव्हतं. हसू आवरून तिनं जाळी बोटांनी चाचपली. "ही खिडकीला लाव की गं. पावसाचं जीव आत येत्यात."

"खिडकीला हिरवी जाळी? पडद्याची सगळी शोभा जाईल, आई." मी जाळीचा एक तुकडा कापून कुंड्यांभोवती गुंडाळला. तो छान दिसला. उरलेली गुंडाळी माळ्यावर टाकली.

संध्याकाळी दिवा केला. भरतेशच्या कड्यांवर तिसऱ्या इरकलीचा उरलेला पदर ताणून शिवला, आत पिवळा बल्ब. पदराच्या लाल धाग्यांतून उजेड यायचा तेव्हा खोली चुलीजवळ असल्यासारखी वाटायची. आई दिवस मावळायच्या आत जेवायची आणि मग त्या दिव्याखाली जपमाळ घेऊन बसायची. तिला हवा लागायची म्हणून खिडकी उघडी असे.

आठवड्याभरानं पावसानं उघडीप दिली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दिव्याखाली फरशीवर मेलेल्या पाकोळ्या दिसल्या. चौदा पतंग, काही चिलटं, वाळवीचे गळलेले पंख. पिवळ्या उजेडाकडे किडे कमी येतात, येत नाहीत असं नाही. हे मला माहीत होतं. मी परीक्षेत विचारलेला प्रश्न आहे.

आई आयुष्यभर पाणी गाळून प्यायली. चुलीत घालायच्या आधी प्रत्येक लाकूड आपटून घ्यायची, आत मुंगी असेल म्हणून. ती उठायच्या आत मी फरशी पुसून घेतली.

पाकोळ्या मी फेकल्या नाहीत. मेलेला किडा फेकायची माझ्या हाताला सवय नाही. एका रिकाम्या काडेपेटीत भरल्या, वर बारीक अक्षरात तारीख लिहिली आणि शेल्फवर पुस्तकांमागे ठेवली. दुसऱ्या दिवशीही तेच. मी खिडकी लावायला गेले तर आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे, जीव गुदमरतो." दिवा बंद करते, असं मात्र मी म्हणाले नाही. वजन एकोणचाळीस दोनशे झालं होतं.

अकराव्या दिवशी मी कॉलेजातून आले तेव्हा आई पलंगावर नव्हती, जमिनीवर बसली होती. शेल्फवरची धूळ झटकायला तिनं पुस्तकं काढली होती. समोर अकरा काडेपेट्या, ओळीनं, सगळ्या उघड्या.

"ह्ये तुझ्या कॉलेजचं हाय?"

मला हो म्हणता आलं असतं. "नाही."

"ह्या खोलीतलं?"

"हो."

"आन मी वर बसून जप केला." तिचा आवाज चढला नाही. "लपवलंस कशाला गं?"

"तू उपास धरशील म्हणून."

"म्हंजे तुला ठावं हुतं."

त्या संध्याकाळी तिनं मीठ सोडलं. दुसऱ्या दिवशी दूध, मग तूप. मी दिवा काढून माळ्यावर ठेवला, खोली अंधारी ठेवली, हात जोडले. तिनं माझे हात धरून खाली केले.

"तू दिवा काढलास, बरं केलंस. पण मला त्यो लय आवडला हुता, ब्राह्मी. दिस मावळायची वाट बघायची मी, कवा लावतीस म्हणून. ते आवडणं कुठं काढून ठिवू?"

मी पडद्याची दुमड सारखी करू लागले.

"हितं सगळंच आवडाय लागलं. भिंत, पडदा, समदं. सोडायचं म्हणून बसलेली मी, आन तू नवं नवं धराय देत गेलीस. पोरी, तुझी चूक न्हाई. पर आता भरतेशला बोलीव."

वजन सदतीस पाचशेवर आलं होतं. दिवाळीला तीन महिने होते. आई म्हणाली, अट मोडायची असेल तर ती तूच मोड, मी मोडणार नाही. आणि चार दिवस पाणी घातलेल्या ताकभातावर राहिली, मिठाशिवाय. पाचव्या दिवशी मी भरतेशला फोन केला.

सांगलीत महाराजांनी मला समोर बसवून विचारलं, "कुणाच्या दबावानं हो म्हणत नाही ना?" मी नाही म्हणाले. दबाव कुणाचा होता ते सांगता आलं नसतं.

बस्तीशेजारच्या खोलीत भिंती पांढऱ्या होत्या, जमिनीवर चटई, बाकी काही नाही. दिवस मावळल्यावर तिथे दिवा लागत नसे. आम्ही अंधारात बसायचो, बायका हळू आवाजात णमोकार मंत्र म्हणायच्या. माझ्या घराला दवाखाना म्हणणाऱ्या आईनं त्या खोलीबद्दल एकदाही तक्रार केली नाही. व्रताच्या एकोणिसाव्या दिवशी सकाळी, माझ्या ओंजळीतलं पाणी मानेनंच नाकारून, ती गेली.

पंधरवड्यानं भरतेश तिची ट्रंक घेऊन साताऱ्याला आला. मी माळ्यावरून जाळीची गुंडाळी काढली होती आणि आईच्या खोलीची खिडकी मोजत होते.

"आता कशाला गं, आक्का?"

"धर ते टोक."

"ती जाणारच हुती. तुझ्या दिव्यानं न्हाई गेली."

"असेल." हे ताडून पाहायला माझ्याकडे दुसरी आई नव्हती, जाळी लावलेली दुसरी खिडकी नव्हती. "नीट धर, तिरकं होतंय."

त्यानं धरलं. मी चारी बाजूंनी पट्टी ठोकली. पडद्यामागे हिरवं दिसत होतं, पण विशेष वाईट नाही. सगळं मिळून वीस मिनिटं लागली.